तीन की चार? आधी पुढचं दार बघा

पदवीचं चौथं वर्ष करायचं, की तिसऱ्यावर थांबून लॉ, एमबीए, बीएडचा रस्ता धरायचा? नव्या धोरणाची बॅच टीवायला आलीय आणि हा प्रश्न घराघरांत पोचलाय. मानखुर्दच्या एका घरात मांडलेला हा हिशेब.

धाकटी परवा कॉलेजातून आली, चपला दारात काढल्या आणि बॅग खांद्यावर तशीच ठेवून म्हणाली, ‘‘ताई, सरांनी विचारलंय, कोण थांबणार आणि कोण निघणार ते सांगा. मी काय सांगू?’’

तिच्या वर्गात सध्या सगळ्यांचं हेच चाललंय. जून २०२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एफवाय सुरू झालं. स्वायत्त कॉलेजांत ते एक वर्ष आधीच झालं होतं. ती २०२४ ची बॅच आता टीवायला आहे. आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. तीन वर्षं झाली, रिझल्ट लागला, पेढे वाटले, विषय संपला. आता तिसऱ्या वर्षाच्या शेवटी दोन फाटे फुटतात. साधी पदवी घेऊन बाहेर पडा, नाहीतर आणखी एक वर्ष बसा आणि ऑनर्स घ्या.

धाकटी बीकॉमला आहे आणि तिला वकील व्हायचंय. मी आधी बीए केलं, मग तीन वर्षांचा एलएलबी, आणि आता कुर्ला कोर्टात एका सिनिअरांच्या मागे फायली घेऊन फिरते. त्यामुळे आमच्या लल्लूभाई कंपाउंडच्या सव्वादोनशे फुटांच्या घरातली करिअर काउन्सेलर मीच. पण खरं सांगते, तिनं विचारलं तेव्हा मला पटकन उत्तर देता आलं नाही. ‘ऑनर्स’ हा शब्दच भारी आहे. सोडून दिलं तर आपल्या हातचं काहीतरी जाणार, असं वाटायला लावतो. आईला तर तो इतका आवडला की तिनं शेजारच्या काकूंना सांगूनसुद्धा टाकलं.

मग रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघींनी तिच्या अकाउंट्सच्या वहीचं मागचं पान उघडलं.

पहिली ओळ लॉची. वकिलीच्या शिक्षणाचे नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाचे आहेत, २००८ चे. त्यात दोनच रस्ते आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित कोर्स, किंवा कुठलीही पदवी घेऊन मग तीन वर्षांचा एलएलबी. पदवीला खुल्या वर्गासाठी किमान ४५ टक्के, ओबीसींना ४२, एससी-एसटींना ४० टक्के लागतात. पदवी ऑनर्सची आहे की साधी, हे तिथं कुणी विचारत नाही. महाराष्ट्रात प्रवेश सीईटीवर होतात आणि मेरिट सीईटीच्या मार्कांवर लागतं. म्हणजे चार वर्षं करून आलेली मुलगी आणि तीन वर्षं करून आलेली मुलगी एकाच रांगेत उभ्या.

आता बेरीज करा. बारावी अठराव्या वर्षी धरली, तर पाच वर्षांच्या कोर्सवाला तेविसाव्या वर्षी वकील. तीन अधिक तीनवाली चोविसाव्या. चार अधिक तीनवाली पंचविसाव्या. तिघांच्या हातात येणारी सनद मात्र एकच.

‘‘मग मी बारावीनंतरच पाच वर्षांचं घ्यायला पाहिजे होतं,’’ धाकटी म्हणाली.

हे मला पूर्ण पटत नाही. पाच वर्षांच्या कोर्सनं एक वर्ष वाचतं, हे खरं. पण त्यासाठी सतराव्या-अठराव्या वर्षी माहीत असावं लागतं की आपल्याला हेच करायचंय. मला त्या वयात कोर्ट म्हणजे फक्त सिनेमातलं माहीत होतं. शिवाय त्या कोर्सला मधे दार नाही. बार कौन्सिलचा नियम आहे की एकत्रित कोर्स तोडून मधेच एक पदवी देऊन कुणाला बाहेर पाठवता येणार नाही. तिसऱ्या वर्षी कळलं की हे आपलं काम नाही, तर तोपर्यंतची वर्षं अडकली. याउलट नव्या धोरणाच्या पदवीत दरवर्षी दार आहे. एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोनानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी. आमच्याकडे काम सुटलं की शिक्षण सुटतं, शिक्षण सुटलं की लग्न ठरतं. अशा वस्तीत दार असणं ही चैनीची गोष्ट नाही.

बारावीनंतर थेट तीन वर्षांत एलएलबी करू द्या, अशी एक याचिका एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात आली होती. कोर्टानं ती ऐकून घेतली नाही. पाच वर्षांचा कोर्स नीट चाललाय, त्याला हात लावायला नको, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. इंग्लंडमध्ये शाळेनंतर थेट तीन वर्षांत लॉची पदवी मिळते. अमेरिकेत आधी चार वर्षांची दुसरी कुठलीतरी पदवी आणि मग तीन वर्षांचं लॉ स्कूल. म्हणजे तिकडे चार अधिक तीन हाच राजमार्ग. पण तिथे चार वर्षांशिवाय लॉ स्कूलचं दार सहसा उघडतच नाही, आपल्याकडे तीनवर उघडतं. त्यांचं बघून आपण सातवं वर्ष का भरायचं?

मग चौथं वर्ष कुणासाठी?

चौथं वर्ष वाईट आहे, असं मी म्हणत नाहीये. ते ज्या दारासाठी बनवलंय ते दार वेगळं आहे, एवढंच.

धाकटीच्या वर्गातल्या एका मुलीला इकॉनॉमिक्समध्ये एमए करून पुढे पीएचडी करायचीय. तिचं पान वेगळं. तीन वर्षांची पदवी घेतली तर एमए दोन वर्षांचं. चार वर्षांची घेतली तर एमए एका वर्षात होऊ शकतं. तीन अधिक दोन पाच, चार अधिक एक पाच. तिचं काहीच जास्त जात नाही. उलट मिळतं. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर एमए न करताही पीएचडीच्या प्रवेशासाठी पात्र धरतात. राखीव गटांना पाच टक्क्यांची सूट आहे. अशा विद्यार्थ्यांना नेटलाही बसता येतं. अर्थात कॉलेजात शिकवायचं असेल तर एमए लागतंच, हे विसरायचं नाही.

पण इथंही एक मेख आहे. ‘ऑनर्स’ आणि ‘ऑनर्स विथ रिसर्च’ हे दोन वेगळे आहेत. रिसर्चवाल्याला पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के, म्हणजे साडेसात सीजीपीए लागतो. आणि कॉलेजच्या त्या विभागात पीएचडीला गाईड करू शकणारे प्राध्यापक लागतात. तेव्हा सर ‘थांबणार का’ विचारतात तेव्हा उलट प्रश्न विचारायचा, ‘सर, आपल्याकडे माझ्या विषयाचा रिसर्चवाला ऑनर्स सुरू होणार आहे का, की नुसता ऑनर्स?’ हा प्रश्न विचारायला लाजायचं नाही. उत्तर ‘बघू’ असं आलं, तर तेही एक उत्तरच आहे.

आणि घाई करणाऱ्यांसाठी दिल्लीची गोष्ट. दिल्ली विद्यापीठानं २०१३ मध्ये चार वर्षांची पदवी सुरू केली. २०१४ च्या जूनमध्ये ती गुंडाळली. जी बॅच चार वर्षांच्या हिशेबानं बसली होती, तिला तीन वर्षांवर आणून ठेवलं. मग २०२२ मध्ये चौथं वर्ष तिथं पुन्हा आलं. नियम बदलतात. म्हणून कोण काय म्हणालं यापेक्षा आज कागदावर काय आहे ते बघायचं.

बीएडवाल्यांनी हे खास लक्षात ठेवा. सध्या बीएड दोन वर्षांचं आहे. चार वर्षांची पदवी असलेल्यांना ते एका वर्षात करता यावं, असा प्रस्ताव शिक्षक शिक्षण परिषदेच्या फेब्रुवारी २०२५ च्या मसुद्यात आला होता. मसुद्याच्या भरवशावर वर्ष लावू नका. प्रवेशाच्या वेळी जो नियम छापलेला असेल तोच तुमचा. एमबीएचं तर सोपं आहे. सीईटीला आणि कॅटला तीन वर्षांची पदवी चालते. तिथं एक वर्ष जास्त असलंच तर ते वर्गात घालवण्यापेक्षा नोकरीत घालवा, इंटरव्ह्यूला सांगायला काहीतरी होतं. यूपीएससी, एमपीएससीलाही पदवी लागते, चौथं वर्ष नाही. परदेशात मास्टर्सला जाणाऱ्यांचं मात्र निराळं. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं शाळा-कॉलेज मिळून सोळा वर्षं मागतात. बारा अधिक तीन तिथं कमी पडतात.

फी दिसते, पगार दिसत नाही

वहीत पुढे पैशाची ओळ आली तेव्हा आम्ही दोघी जरा गप्प झालो. पप्पांची वॉचमनची ड्युटी आहे, आणि अजून किती वर्षं रात्रपाळी झेपेल, हे घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

चौथ्या वर्षाची फी किती, हे सगळे विचारतात. खरा खर्च फी नाहीच. धरा, बीकॉम झाल्यावर महिना पंधरा हजारांची नोकरी मिळाली असती. वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. ते आलेच नाहीत, म्हणून कुणाला दिसत नाहीत. वकिलीत हा हिशेब आणखी टोचतो, कारण एलएलबी झाल्यावर लगेच कमाई सुरू होत नाही. शहरातल्या ज्युनिअर वकिलांना महिना किमान २० हजार स्टायपेंड द्यावा, असं बार कौन्सिलनं ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलं. सुचवलं, सक्ती नाही केली. सुरुवातीचं वर्षभर मला जे मिळायचं त्यात पास, डबा आणि झेरॉक्स भागायचं. ही कडकीची वर्षं पुढे येणारच आहेत. मग त्यांच्या आधी आणखी एक बिनकमाईचं वर्ष कशाला लावायचं?

त्यात धाकटीच्या डोक्यात जज व्हायचंय. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की कनिष्ठ स्तरावरच्या दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं तर किमान तीन वर्षांची वकिली हवी. म्हणजे तीन अधिक तीन अधिक तीन. तिचं सत्ताविसावं वर्ष. चौथं वर्ष घातलं की अठ्ठाविसावं.

दिलासा देणाऱ्या दोन गोष्टी आहेत आणि त्या आमच्या बिल्डिंगमध्ये फार कमी जणींना माहीत आहेत. राज्य सरकारनं २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय. घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की हक्क गेला. एससी-एसटी मुलींसाठी शिष्यवृत्तीच्या योजना वेगळ्या आहेत. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमी लेअर ही कागदं मे महिन्यात काढायला गेलात तर रांगेत उन्हाळा संपतो. दिवाळीतच काढा. दुसरी गोष्ट सनदेची. पूर्वी वेगवेगळ्या राज्यांत नोंदणीसाठी हजारो रुपये घ्यायचे. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कायद्यात लिहिलंय तेवढेच घ्या. खुल्या गटाला ७५० रुपये, एससी-एसटींना १२५.

इतकं सगळं लिहून झालं. पान भरलं. उत्तर उघड होतं. तीनवर थांब, सीईटी दे, लॉला जा.

धाकटी पेनाचं टोपण चावत बसली होती. म्हणाली, ‘‘ताई, पण चौथं वर्ष घेतलं तर मी कॉलेजमध्ये असेन ना.’’

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. गेल्या दिवाळीला मामा साताऱ्याहून आला होता आणि जाता जाता आईला म्हणाला होता, ‘‘पोरीची पंधरावी होऊ दे, मग एक स्थळ आहे.’’ पंधरावी. आमच्या घरांत पदवीला अजून पंधरावीच म्हणतात. आणि पंधरावी हे शेवटचं स्टेशन समजतात. १९९२ मध्ये रूळ खाडीपलीकडे वाशीला जाईपर्यंत हार्बरची गाडी मानखुर्दलाच संपायची, तसं. ‘कॉलेज चालू आहे’ हे एकच वाक्य असं आहे की ज्याच्यापुढे मामा, काकू, सगळे गप्प बसतात. धाकटीला ऑनर्स नको होता. तिला ते वाक्य आणखी एक वर्ष हवं होतं.

याचा हिशेब कुठल्याही माहितीपत्रकात नसतो. पण मानखुर्द, गोवंडी, मंडाळे, कुठंही जा, चौथ्या वर्षाला नाव घालणाऱ्या मुलींमध्ये अशा किती निघतील ते बघा. मी त्यांना नावं ठेवणार नाही. वर्ष विकत घेणं ही कधीकधी शहाणपणाचीच गोष्ट असते. फक्त तेवढ्याच पैशात जास्त काय मिळतं, हे बघायला हवं. चौथं वर्ष ते वाक्य एका वर्षासाठी देतं. एलएलबी तीन वर्षांसाठी देतो. आणि शेवटी हातात सनद.

धोका आहे तो मधल्या फटीत. पदवीचा रिझल्ट लागतो आणि लॉचे वर्ग सुरू व्हायला वेळ लागतो. गेली काही वर्षं प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळाभर लांबल्या आहेत. ते महिने मुलगी ‘घरी’ असते आणि तेवढ्यात स्थळं येतात. म्हणून कुणीतरी युक्ती सांगतं की तोपर्यंत चौथ्या वर्षाला नाव घालून ठेव, लॉ लागलं की सोड. दोन नियमित कोर्स एकत्र चालवायला लॉमध्ये परवानगी नाही. त्यामुळे चौथं वर्ष सोडावंच लागणार, भरलेली फी परत मिळेलच असं नाही, आणि कॉलेजातून टीसी सोडवताना धावपळ होते ती ऐन प्रवेशाच्या आठवड्यात. ही युक्ती करायचीच असेल तर आधी ऑफिसात जाऊन विचारा, नाव काढलं तर किती पैसे कापता आणि टीसी किती दिवसांत देता.

त्यापेक्षा सीईटी टीवायला असतानाच द्यायची. शेवटच्या वर्षात शिकणाऱ्याला बसता येतं, रिझल्ट प्रवेशाच्या वेळी लागतो. पेपर मराठीतूनही देता येतो आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. केटी मात्र शिल्लक ठेवू नका. तिच्यापायी सीईटीत चांगले मार्क असूनही वर्ष गेलेली मुलं मी बघितलीत. आणि सीईटीचा स्कोअर हातात असला की घरात बोलणं बदलतं. ‘पुढे शिकायचंय’ आणि ‘माझा नंबर लागलाय’ या दोन वाक्यांत फार फरक आहे. मी दोन्ही वाक्यं बोलून बघितलीत.

फिरतीचं म्हणाल तर मानखुर्दहून सीएसएमटीची थेट गाडी आहे. फोर्टमध्ये सिद्धार्थ लॉ कॉलेज, चर्चगेटला सरकारी लॉ कॉलेज. हे १८५५ चं. बाबासाहेब १९३५ मध्ये तिथं प्राचार्य होते. लॉ करता करता अर्धवेळ काम मीही केलं, पण बार कौन्सिलचा ७० टक्के हजेरीचा नियम आहे, तो धरूनच नोकरीचे तास ठरवा.

रविवारी पप्पा रात्रपाळीवरून आले, चहा घेतला, तेव्हा धाकटीनं ते पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. बेरजा पुन्हा बोटांवर करून बघितल्या.

‘‘म्हणजे पंधरावी झाली की अजून तीन?’’

‘‘हो पप्पा.’’

‘‘अठरावी.’’ मग माझ्याकडे बघून, ‘‘तुझी पण अठरावीच ना?’’

मी म्हटलं, हो.

‘‘मामाला फोन मी करतो,’’ ते म्हणाले आणि झोपायला गेले.